तिसऱ्याचा श्वास

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती बघता बघता दुधाळ होते. उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे त्या प्रयोगातून कळते, आणि नंतर आपण ते विसरूनही जातो. विसरणे आपल्याला परवडते, कारण डोक्यावर अख्खे वातावरण आहे, झाडे आहेत, समुद्र आहे. एक माणूस दिवसाकाठी साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. एक किलो, आणि तोही नुसत्या श्वासातून! पृथ्वीवर तो गेला कुठे, हे कुणी विचारत नाही. अंतराळयानात मात्र त्या किलोभराचा हिशेब उड्डाणाआधीच कुणीतरी मांडून ठेवावा लागतो. तो चुकला तर आत बसलेल्या प्रत्येकाच्या जिवावर बेततो.

तिथे हवेची चालही न्यारी असते. पृथ्वीवर नाकातून निघालेली ऊबदार हवा हलकी असल्यामुळे आपसूक वर जाते आणि तिच्या जागी ताजी हवा येते. वजनरहित अवस्थेत वर-खाली असे काही उरतच नाही. सोडलेला श्वास तोंडाभोवतीच रेंगाळतो आणि झोपलेला माणूस आपलीच वापरलेली हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहू शकतो. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात रात्रंदिवस पंखे चालू असतात आणि झोपायच्या कोनाड्यातही हवा खेळती ठेवलेली असते. पंखा बंद पडला की डोके दुखू लागते.

या हवेची दुसरी एक गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. अन्न लपवता येते, पाण्याची बाटली उशाखाली घेऊन झोपता येते. हवेची वाटणी करता येत नाही. बंद यानात एकाने सोडलेला श्वास दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा. शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढला की आधी डोके जड होते, सुस्ती येते, विचार मंदावतात. म्हणजे काय योग्य आणि काय अयोग्य हे ज्या बुद्धीने ठरवायचे, तिच्यावरच संकट पहिला घाव घालते. ऐनवेळी शांतपणे विचार करून नीतीने वागू, असे म्हणण्याची सोय अंतराळात नाही.

मग अडकलेल्या माणसांनी करायचे काय? टॉम गॉडविन या अमेरिकी लेखकाची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही विज्ञानकथा 1954 साली प्रसिद्ध झाली. दूरच्या ग्रहावर आजारी पडलेल्या लोकांसाठी एक छोटे यान औषध घेऊन निघाले आहे. त्यात इंधन नेमके मोजून भरले आहे, चालकापुरते आणि औषधापुरते. भावाला भेटायच्या ओढीने एक मुलगी त्यात लपून बसते. तिचे वजन धरून यान उतरू शकत नाही. गणित निष्ठुर आहे, तिला बाहेर जावेच लागेल, असे कथा सांगते. सत्तर वर्षे वाचक या कथेवर भांडत आले आहेत, आणि त्या भांडणातला सर्वांत मोलाचा प्रश्न मुलीबद्दलचा नाहीच. इंधन इतके काटेकोर मोजून भरायचे, हे कुणी ठरवले? निघण्यापूर्वी यानात कुणी आहे का, हे कुणी का पाहिले नाही? अमुक वजनाला अमुक इंधन लागते, एवढेच निसर्गाचा नियम सांगतो. टाकीत थोडे जास्त भरायचे की नाही, हा निर्णय माणसांचा असतो.

हाच पेच प्रत्यक्षात उभा राहिला एप्रिल 1970 मध्ये.

अपोलो 13 हे यान 11 एप्रिलला चंद्राकडे निघाले. आत जिम लॉव्हेल, फ्रेड हेज आणि जॅक स्विगर्ट होते. 13 एप्रिलच्या रात्री, पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लाख किलोमीटरवर, ऑक्सिजनची एक टाकी फुटली. मुख्य यानातली वीज आणि प्राणवायू दोन्ही संपत चालले. तिघेही जोडलेल्या दुसऱ्या यानात शिरले. चंद्रावर उतरण्यासाठी बनवलेल्या या यानाचे नाव होते अक्वेरियस. दोन माणसे आणि सुमारे दोन दिवस, एवढ्याच हिशेबाने ते बांधलेले होते. आता त्याला तीन माणसे आणि जवळजवळ चार दिवस निभवायचे होते.

यात तिसरा कोण, तर स्विगर्ट. मूळ चमूतले केन मॅटिंग्ली जर्मन गोवराच्या रुग्णाच्या संपर्कात आल्यामुळे उड्डाणाच्या अगदी तोंडावर त्यांच्या जागी स्विगर्ट आले होते. ते मुख्य यानाचे चालक, आणि नेमके तेच यान निपचित पडले होते. अक्वेरियसमध्ये त्यांच्यासाठी ना जागा होती, ना काम. गॉडविनच्या कथेतला ‘जास्तीचा माणूस’ इथे हाडामांसाचा होऊन बसला होता.

अक्वेरियसमध्ये ऑक्सिजन भरपूर होता. चंद्रावर उतरल्यावर दार उघडून बाहेर जायचे आणि परत आल्यावर केबिन पुन्हा हवेने भरायची, यासाठी तो जादा ठेवलेला होता. तुटवडा होता तो उच्छ्वास शोषून घेणाऱ्या डब्यांचा. या डब्यांत लिथियम हायड्रॉक्साइड असते. चुन्याच्या निवळीसारखेच तेही कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवते, आणि पुरते भरले की निकामी होते. मुख्य यानात असे डबे पुरेसे होते, पण ते चौकोनी. अक्वेरियसमधली खोबण गोल. दोन याने दोन वेगळ्या कंपन्यांनी बांधली होती, आणि एकाचा डबा दुसऱ्यात बसावा असे कुणाच्या मनात आले नव्हते.

ह्यूस्टनमध्ये नासाचे अभियंते एड स्मायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यानात ज्या वस्तू आहेत तेवढ्याच समोर घेतल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेचा पुठ्ठा, अंतराळपोशाखाच्या नळ्या, चिकटपट्टी. त्यातून चौकोनी डबा गोल नळीला जोडण्याची युक्ती त्यांनी बसवली आणि ती कृती रेडिओवरून एकेक पायरी करत वाचून दाखवली. वर लॉव्हेल आणि स्विगर्ट यांनी ती हाताने बनवली. धोक्याकडे चढत चाललेला कार्बन डायऑक्साइडचा आकडा झपाट्याने खाली आला.

पाण्याचा हिशेबही तितकाच कठीण होता. तेच पाणी प्यायलाही होते आणि उपकरणे थंड ठेवायलाही. तिघांनी आपला वाटा माणशी दिवसाला सुमारे 180 मिलीलीटरवर आणला. वीज वाचवण्यासाठी जवळजवळ सगळे बंद केल्यामुळे मुख्य यानातले तापमान तीन-चार अंशांपर्यंत उतरले. हेज यांना मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ताप भरला. ते कुडकुडू लागले तेव्हा लॉव्हेल यांनी त्यांना मिठीत घेऊन आपल्या अंगाची ऊब दिली. परतल्यावर तिघांची वजने केली तेव्हा ती मिळून चौदा किलोंनी घटली होती.

चार दिवसांत तिसऱ्याचे काय करायचे हा प्रश्न कुणाच्याही ओठांवर आला नाही. आणि शेवटी काय झाले? पृथ्वीच्या वातावरणात शिरण्याजोगे उष्णतारोधक कवच फक्त मुख्य यानालाच होते. गारठलेले, आतून दवाने ओथंबलेले ते यान पुन्हा जागे करायचे होते, आणि ते सर्वांत चांगले ठाऊक होते स्विगर्ट यांना. शेवटच्या तासांत एका बटणावर त्यांनी ‘नाही’ असा शब्द लिहिलेला कागद चिकटवला. त्या बटणाने अक्वेरियस कायमचे सुटे होणार होते, आणि दोन सोबती अजून त्यातच होते. थकलेला हात चुकून तिथे जाईल, ही भीती त्यांना वाटली. आपल्या बुद्धीवर आता पूर्ण भरवसा ठेवता येत नाही हे ओळखून दुसऱ्यांच्या जिवाला कुंपण घालणे, याहून शहाणी नीती मला माहीत नाही. 17 एप्रिलला तिघे प्रशांत महासागरात उतरले. ज्याच्या श्वासाचा अक्वेरियसला भार होता, त्याच्याच हातांनी दोघांना घरी आणले.

एका यानाचे दुसऱ्याला न जुळणे ही नुसती तांत्रिक उणीव नव्हती. अंतराळवीर हे अखिल मानवजातीचे दूत आहेत आणि संकटात त्यांना सर्वतोपरी मदत करायची, असे 1967 च्या बाह्य अवकाश कराराने सांगितले होते. 1968 मध्ये खास बचावासाठी वेगळा करारही झाला. अपोलो 13 संकटात आले तेव्हा सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी मदतीची तयारी कळवली आणि सोव्हिएत जहाजे उतरण्याच्या संभाव्य जागांकडे वळली. समुद्रात हे शक्य होते, वर अंतराळात नव्हते, कारण दोन्ही देशांची याने एकमेकांना जोडली जाऊच शकत नव्हती. सहाच महिन्यांनी, ऑक्टोबर 1970 मध्ये, दोन्ही देशांचे अभियंते मॉस्कोत बसले ते जुळणाऱ्या दारांची चर्चा करायला. त्यातून 1975 मध्ये अपोलो आणि सोयूझ यांची अंतराळात भेट झाली. त्या जोडणीची खुबी अशी की दोन्ही बाजू सारख्याच. एक आत शिरणारी आणि दुसरी सामावून घेणारी, असा भेद नाही. कोणतेही यान पुढाकार घेऊ शकते आणि कोणतेही वाट पाहू शकते. बचावाचे वचन असे धातूत उतरले.

काही वेळा मात्र जादाची सोय ठेवणे खरोखरच अशक्य असते. चंद्रावरून वर उडवणाऱ्या इंजिनाला पर्यायी इंजिन नव्हते. जुलै 1969 मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर असताना ते इंजिन चाललेच नसते, तर कक्षेत फिरणाऱ्या मायकल कॉलिन्स यांना एकट्याने परतावे लागले असते. ही आपली सर्वांत मोठी धास्ती होती आणि तशी वेळ आली असती तर आपण परतलोच असतो, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनी तर त्या प्रसंगासाठीचे निवेदनही 18 जुलैला लिहून ठेवले होते. तिघेही सारे जाणून गेले होते. दोघांना मागे ठेवून एकाने परतणे भयंकर खरे, पण त्यात फसवणूक नव्हती. जोखीम उघड्यावर मांडलेली होती आणि तिघांनी ती डोळे उघडे ठेवून पत्करली होती.

कोलंबिया या स्पेस शटलची गोष्ट म्हणूनच अधिक जड जाते. 16 जानेवारी 2003 रोजी उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. आत कल्पना चावला यांच्यासह सात जण होते. काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे घ्यावीत म्हणून आग्रह धरला, पण वरच्या पातळीवर तो पुढे गेला नाही. कमांडर आणि चालक यांना 23 जानेवारीला ईमेलने फोमच्या धडकेबद्दल कळवले गेले, पण काळजीचे कारण नाही अशा शब्दांत. 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटले आणि सातही जण गेले.

चौकशी मंडळाने नासाला पुढे एक प्रश्न घातला. पंख फुटल्याचे वेळीच कळले असते तर? उत्तर पुन्हा श्वासाच्याच हिशेबातून आले. सातही जणांनी हालचाल कमीत कमी ठेवली असती, जास्तीत जास्त वेळ झोपून काढला असता, तर लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे 15 फेब्रुवारीपर्यंत पुरले असते. पुढच्या मोहिमेसाठी तयार होत असलेले अटलांटिस यान रात्रंदिवस काम करून 10 फेब्रुवारीच्या सुमारास उडवता आले असते. पाच दिवसांची फट होती. तो बचाव अतिशय बिकट, पण अशक्य नव्हता. अटलांटिसमधल्या चौघांना तोच फोमचा धोका पत्करून जावे लागले असते.

उड्डाण संचालक म्हणून काम केलेले वेन हेल यांनी दहा वर्षांनी, 2013 मध्ये, त्या दिवसांतली एक चर्चा जाहीरपणे लिहिली. यानाच्या उष्णतारोधक कवचाला इजा झाली असेल तर काहीच करता येणार नाही, मग अंतराळवीरांना न सांगितलेलेच बरे नाही का, असा विचार एका वरिष्ठाने तेव्हा बोलून दाखवला होता आणि ऐकणाऱ्यांना तो पटण्याजोगा वाटला होता. यात दुष्टावा नव्हता, हे मी मानतो. पण ‘काहीच करता येणार नाही’ हे पाहण्याआधीच ठरले होते, आणि तेही ज्यांचा श्वास पणाला होता त्यांना न विचारता. अपोलो 13 वाचले, कारण काहीच करता येणार नाही हे वाक्य तिथे कुणी शेवटचे मानले नाही आणि वरच्या तिघांपासून काही झाकून ठेवले नाही. खरी माहिती हीसुद्धा यानातल्या हवेसारखीच सर्वांच्या मालकीची असते.

त्यानंतर नियम बदलले. शटलच्या प्रत्येक उड्डाणामागे बचावाची तजवीज ठेवली जाऊ लागली. मे 2009 मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी अटलांटिस निघाले तेव्हा, त्यातल्या अंतराळवीरांना स्थानकाचा आसरा मिळणार नाही म्हणून, शेजारच्या तळावर एंडेव्हर उड्डाणाच्या तयारीत उभे होते. त्याची गरज पडली नाही, पण ते उभे होते.

आणि अलीकडच्या काही वर्षांत या विचाराने जी मजल मारली आहे, ती पाहून ऊर भरून येतो. डिसेंबर 2022 मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयूझ एमएस-22 मधून थंडावा देणारा द्रव अंतराळात गळून गेला. त्यातून रशियाचे सर्गेई प्रोकोप्येव, दिमित्री पेतेलिन आणि अमेरिकेचे फ्रँक रुबियो आले होते. आता तातडीने परतायची वेळ आली तर काय? माणसाचे शरीर उष्णता सोडते, यंत्रेही सोडतात. थंडाव्याविना तिघांसह उतरताना आत घातक उकाडा झाला असता. तेव्हा जानेवारी 2023 मध्ये रुबियो यांच्या अंगाच्या मापाने घडवलेले आसन सोयूझमधून काढून शेजारच्या ड्रॅगन यानात बसवले गेले. ड्रॅगन चौघांचे होते, गरज पडली असती तर त्यात पाचवा गेला असता. एक माणूस हलल्यामुळे सोयूझमधल्या दोघांचीही काहिली कमी होणार होती. गॉडविनच्या कथेत जास्तीच्या माणसाला दार उघडून बाहेर काढले जाते. इथे शेजारच्या यानाने त्याच्यासाठी जागा केली. फेब्रुवारीत रिकामे नवे सोयूझ वर गेले, आणि 371 दिवसांच्या मुक्कामानंतर तिघेही सप्टेंबर 2023 मध्ये सुखरूप उतरले.

सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांची कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. जून 2024 मध्ये स्टारलायनरमधून गेलेले हे दोघे यानातल्या बिघाडामुळे मागे राहिले आणि यान सप्टेंबरमध्ये रिकामे उतरवले गेले. कमी सांगितली जाते ती दुसरी बाजू. त्यांना आणायला गेलेल्या ड्रॅगनमध्ये दोन जागा मोकळ्या ठेवायच्या होत्या, म्हणून झीना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन या दोन अंतराळवीरांना त्या उड्डाणातून उतरवले गेले. वर्षानुवर्षांच्या तयारीनंतर त्या जमिनीवर राहिल्या, तेव्हा मार्च 2025 मध्ये ते दोघे घरी आले.

नोव्हेंबर 2025 मध्ये चीनच्या तियानगोंग स्थानकावर याहून नाजूक प्रसंग उभा राहिला. शेनझोऊ-20 च्या खिडकीला तडा गेल्याचे आढळले. त्या तिघांना मग नव्याने आलेल्या शेनझोऊ-21 मधून खाली आणले गेले. म्हणजे नव्या तिघांचे यान जुन्यांना दिले गेले आणि मागे राहिलेल्यांकडे काही दिवस भरवशाची परतीची वाट उरली नाही. महिना संपायच्या आत शेनझोऊ-22 माणसांविना वर पाठवून ती उणीव भरली गेली. राखीव अग्निबाण आधीपासून तयार ठेवलेला होता, म्हणूनच ही अदलाबदल न्याय्य ठरली. तो नसता तर तेच औदार्य बेजबाबदारपणा झाले असते.

या सगळ्या घटना शेजारी ठेवल्या की मला एकच गोष्ट लख्ख दिसते. अडकलेल्या यानातली नीती त्या क्षणी जन्माला येत नाही. ती आधी कुणीतरी टाकीत, डब्यात, दाराच्या जोडणीत आणि निरोपाच्या खरेपणात भरून ठेवलेली असते. संकटात सापडलेली माणसे फक्त ती बाहेर काढून वापरतात. धैर्य त्यांचेच, पण धैर्याला वाव मिळतो तो दुसऱ्यांनी राखलेल्या जागेमुळे.

आता पुढचा टप्पा मंगळाचा. तिथून निघालेला निरोप पृथ्वीवर पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार साधारण तीन ते बावीस मिनिटे लागतात. रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवणारे ह्यूस्टन तिथे नसेल. पृथ्वीवरून सोयीची वाट खुली होते ती सुमारे सव्वीस महिन्यांतून एकदा, म्हणजे बचावाचे यान आठवड्याभरात पाठवणेही शक्य नाही. जे काही जादा लागेल ते सोबतच न्यावे लागेल. एकाच्या हाताला जे काम येते ते दुसऱ्यालाही यावे लागेल, कारण कोण आजारी पडेल ते सांगता येत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2014 मध्ये दीर्घ अंतराळमोहिमांच्या नीतीवर अहवाल दिला. इजा टाळणे, अंतराळवीरांच्या निर्णयाचा मान राखणे, न्याय आणि त्यांच्याशी आयुष्यभराची बांधिलकी, ही तत्त्वे त्यात आहेत. ती सारी योग्य आहेत. पण तत्त्वांना वजन असते, आणि अग्निबाणावर प्रत्येक किलोसाठी भांडण होते. ही तत्त्वे खरोखर मानायची तर त्यांच्यासाठी किलो राखून ठेवावे लागतील: चार डबे जास्त, थोडे पाणी जास्त, एक आसन जास्त.

म्हणून मंगळाचे यान बांधणाऱ्यांना पहिला प्रश्न वेगाचा किंवा खर्चाचा विचारू नये. ठरल्यापेक्षा एक माणूस जास्त झाला तर हे यान किती दिवस निभावेल, असे विचारावे. ज्यांच्याकडे याचा आकडा तयार असेल आणि जाणाऱ्यांना तो निघण्यापूर्वी सांगितलेला असेल, त्यांनीच माणसे पाठवावीत.